दोराचं वय

मागच्या बैठकीत मी या लेखाचा विषय सांगितला तेव्हा मंडळातले एक ज्येष्ठ सदस्य हसले. म्हणाले, "साहेब, आदिलाबादेत बर्फ पडतो का? कुठल्या तरी बर्फाच्या गावचा पाळणा अपघातानंतर बंद पडला, त्याचा आपल्या इतिहासाशी काय संबंध?" प्रश्न रास्त होता. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरतो खरा, पण बर्फ म्हणाल तर रसवंतीवरचाच. तरी मी विषय सोडला नाही. त्याची कारणं दोन.

पहिलं कारण गुलमर्गचं. २५ जून २०१७, रमजान ईदच्या आदला दिवस, रविवार. जोराचा वारा सुटला, एक उंच झाड उन्मळून रोपवेच्या तारेवर आलं आणि एका केबिनमधली सात माणसं खाली पडून गेली. तिघं तिथलेच काश्मिरी होते. बाकीचे चौघं म्हणजे दिल्लीत राहणारं एक मराठी कुटुंब, आई-वडील आणि दोन मुली. सकाळच्या पेपरात ते आडनाव वाचलं आणि चहा तसाच राहिला. ओळख काहीच नव्हती, पण आपल्याकडची माणसं आयुष्यात एकदा काश्मीरला जातात आणि गेली की त्या गंडोल्यात बसतातच. मी स्वतः बसलो नव्हतो, पण आमच्या घरातले बसून आले होते. फोटोही होता, चौघं चेहरे काचेला लावून.

दुसरं कारण माझ्या नोकरीचं. अशा पाळण्यांना उचलून धरणारा जो पोलादी दोर, ज्याला आम्ही खाणीतली माणसं सरळ 'वायर रोप' म्हणतो, त्याचा जन्म पर्यटनासाठी झालेला नाही. तो खाणीत जन्मला. आणि आपला जुना आदिलाबाद जिल्हा, म्हणजे ऑक्टोबर २०१६ मध्ये त्याचे चार तुकडे होण्याआधीचा, या दोरावर कित्येक दशकं जगला. बेल्लमपल्लीला कोळसा निघू लागला तो १९२० च्या दशकात. पुढे मंदमरी, रामकृष्णापूर, श्रीरामपूर, गोलेटी. पैनगंगा-वर्धेच्या पलीकडे राजूर, घुग्घुस, बल्लारपूर. या पट्ट्यातल्या किती घरांतला कर्ता माणूस रोज दोराला लटकून किंवा दोराच्या भरवशावर जमिनीखाली गेला आणि वर आला, याची मोजदाद कुणी केलेली नाही. तेव्हा हा विषय बर्फाचा नाहीच, दोराचा आहे. दोर म्हातारा कधी होतो, आणि त्याला घरी बसवायचं कुणी ठरवायचं, एवढाच.

आधी थोडं मागं जाऊ. खाणीत पूर्वी माल ओढायला तागाचे दोर असत, नाहीतर लोखंडी साखळ्या. ताग ओलाव्यानं कुजतो. साखळीचं दुखणं वेगळं. तिची एक कडी तुटली की सगळं गेलं, आणि तुटण्याआधी ती काहीही सांगत नाही. जर्मनीतल्या हार्त्स डोंगरात क्लाउस्थाल म्हणून खाणींचं गाव आहे. तिथल्या विल्हेल्म आल्बर्ट नावाच्या खाण अधिकाऱ्यानं १८२९ च्या सुमाराला एक साधा प्रयोग केला. साखळीवर तिला सहज पेलेल असं ओझं टाकायचं, काढायचं, पुन्हा टाकायचं, हजारो वेळा. एकदा टाकून न तुटणारी साखळी त्याच ओझ्याला कधीतरी तुटत होती. धातूला थकवा येतो, हे माणसानं पहिल्यांदा मोजून पाहिलं ते तिथं. आम्ही कॉलेजात 'फटीग' म्हणून पाठ केलेला धडा एका खाणीच्या आवारातला आहे, हे मला नोकरीला लागून पंधरा वर्षं झाल्यावर कळलं. असो.

१८३४ मध्ये त्याच आल्बर्टनं साखळीऐवजी तारांचा पीळ वापरला. साडेतीन मिलिमीटर जाडीच्या चार तारांची एक लड, अशा तीन लडी, एकूण बारा तारा. हातानं वळलेला दोर. त्यातली खरी युक्ती ताकदीत नव्हती. एक तार तुटली तर बाकीच्या अकरा ओझं धरून ठेवतात, आणि तुटलेलं टोक बाहेर येऊन दिसतं, बोटाला लागतं. साखळी सरळ मरते, दोर आधी नोटीस देतो. फक्त ती वाचणारा माणूस पाहिजे.

ती वाचायची आमची पद्धत अगदी घरगुती होती. दोर हळू चालवायचा आणि कापसाचा बोळा त्याभोवती मुठीत धरून ठेवायचा. तुटलेल्या तारेच्या टोकाला कापूस अडकतो. जिथं अडकला तिथं थांबा, खडूनं खूण करा, मोजा, रजिस्टरला लिहा. आदिलाबादच्या जिनिंगमधला कापूस कुठं कुठं जाऊन पोचला याचा इतिहास कुणी लिहिणार असेल, तर त्यात हेही एक ठिकाण धरावं.

आता माझी गोष्ट. कबुली म्हणा. साल १९९६ असेल, मी एका भूमिगत खाणीवर कनिष्ठ इंजिनिअर होतो. कुठली खाण ते सांगत नाही. माणसं खाली नेणाऱ्या केजचा दोर साडेतीन वर्षांचा होत आला होता. भारतातल्या कोळसा खाणींचा नियम असा की माणसं नेणारा वाइंडिंग रोप साडेतीन वर्षांनी उतरवायचा. चांगला दिसत असला तरी. हा नियम इंग्रजांच्या खाण कायद्यातून आपल्याकडे आला. आणखी काही काळ वापरायचा असेल तर खाण सुरक्षा खात्याची परवानगी लागते. आमचा दोर बाहेरून देखणा होता. ग्रीस ताजं, कापसाला अडकण नाही, जाडी मापात. नवा दोर म्हणजे मोठा खर्च, शिवाय बदलायला खाण बंद ठेवावी लागणार. मी तरुण, हुशारी दाखवायची हौस. सहा महिन्यांची मुदतवाढ मागावी, अशी टिपणी मी टाइप करून साहेबांच्या टेबलावर ठेवली. आकडेमोड चोख होती. दोर बसवताना ओझ्याच्या दहापट ताकद धरलेली असते, त्यातली किती शिल्लक आहे वगैरे.

आमच्याकडे एक रोप स्प्लायसर होते. वयानं मोठे, तेलुगू, मराठी, दखनी तिन्ही एकाच वाक्यात बोलणारे. सगळे त्यांना मामा म्हणत. खाणीत दर सहा महिन्यांनी दोराचं कॅपिंग नव्यानं करावं लागतं. म्हणजे दोर केजला जिथं जोडलेला असतो ते टोक निदान दोन मीटर कापून टाकायचं, नवं टोक बसवायचं, आणि कापलेला तुकडा उलगडून आतून तपासायचा. योगायोगानं त्याच आठवड्यात कॅपिंग होतं. मामांनी मला बोलावून घेतलं. कापलेला तुकडा व्हाइसमध्ये धरला, लडी एकेक करून सोडवल्या. आतला गाभा कोरडा पडला होता. जोडाच्या तोंडाशी, जिथं बाहेरून काही म्हणजे काही दिसत नव्हतं, तिथं तपकिरी भुकटी निघाली. आणि पाच तारा तुटलेल्या. स्वच्छ, आडव्या, खडू मोडावा तशा. मामा काही बोलले नाहीत. तुकडा माझ्या हातात दिला आणि हात पुसायला गेले. मी दुपारी साहेबांच्या टेबलावरून टिपणी उचलून आणली. साहेबांनी ती वाचलेलीच नव्हती, की वाचून गप्प राहिले, ते मी कधी विचारलं नाही.

दोर जोडापाशीच का जातो, हे थोडं सांगायला हवं, कारण पुढचा सगळा विषय त्यावर आहे. मधला दोर लवचिक असतो, हिसका बसला की झुलतो आणि तो पचवतो. जोडाच्या आत तो ओतलेल्या धातूत किंवा पकडीत घट्ट बसलेला, हलू न शकणारा. हलणारा आणि न हलणारा भाग जिथं भेटतात त्या बोटभर जागेत प्रत्येक हिसका जमा होतो. पाणी शिरतं ते तिथंच, आणि ग्रीस पोचत नाही तेही तिथंच. कापडी पिशवीचा बंद नेहमी शिलाईपाशी तुटतो, तसंच.

इटलीत माज्जोरे सरोवराच्या काठी स्त्रेझा नावाचं गाव आहे. तिथून मोत्तारोने डोंगरावर जायला १९११ पासून दातेरी चाकाची रेल्वे होती. ती १९६३ मध्ये बंद झाली आणि तिच्या जागी १९७० मध्ये रोपवे आला. वर छोटंसं स्की-केंद्र, उन्हाळ्यात सरोवराचा देखावा. २३ मे २०२१, रविवार. कोविडच्या टाळेबंदीनंतर रोपवे नुकताच पुन्हा सुरू झाला होता. पंधरा माणसांची केबिन वरच्या स्थानकाच्या अगदी जवळ पोचली आणि तिला ओढणारा दोर तुटला. या जातीच्या रोपवेत दोर दोन प्रकारचे असतात. एक जाड आणि स्थिर, ज्यावरून केबिनची चाकं धावतात. दुसरा ओढणारा. ओढणारा तुटला तरी केबिन लगेच पडत नाही, कारण तिचा इमर्जन्सी ब्रेक जाड दोराला चावा घेऊन धरतो. धरायला हवा. त्या दिवशी धरला नाही. केबिन उलटी धावत सुटली, खांबापाशी उसळून दोरावरून निघाली आणि खाली गेली. चौदा माणसं मेली, एक लहान मुलगा वाचला.

ब्रेक का धरला नाही? तो अधूनमधून विनाकारण लागत होता, त्यामुळे रोपवे थांबत होता, म्हणून त्याच्या जबड्यात लोखंडी चिमटे अडकवून तो उघडा ठेवला होता. आणि दोर तुटला कुठं? तज्ज्ञांच्या तपासणीत निघालं की केबिनला जोडणाऱ्या टोकापाशी, थकव्यानं. ते वाचताना मला मामांच्या व्हाइसमधला तुकडा दिसला. आकाशातली केबिन आणि जमिनीखालचं केज, जाग्याचं नाव एकच.

मोत्तारोनेचा रोपवे त्यानंतर सुरू झाला नाही. ५१ वर्षांच्या यंत्राची निवृत्ती त्या दुपारी झाली.

आता इथं कुणालाही वाटेल की जुनं यंत्र होतं, वेळेत काढलं नाही. अपघात झाला की आपण पहिला प्रश्न हाच विचारतो, "किती जुनं होतं?" मी याच प्रश्नाशी बराच काळ भांडतो आहे. रोपवेला एक वय नसतंच. खांब नीट रंगवत राहिलं तर पन्नास-साठ वर्षं उभे राहतात. दोराचं आयुष्य त्याहून कितीतरी कमी, जोडाचं दोराहून कमी, केबिन दोराला पकडून ठेवणाऱ्या चिमट्याचं आणखी वेगळं. काँक्रीटचं वय एक, स्प्रिंगचं दुसरं. उद्घाटनाच्या पाटीवर जे साल कोरलेलं असतं ते फक्त पाटीचं वय. मोत्तारोनेला २०१४ ते २०१६ या काळात मोठी दुरुस्तीही झाली होती. म्हणजे कागदावर तो ५१ वर्षांचा होताही आणि नव्हताही.

गुलमर्गचंच बघा. त्या प्रकल्पाचं काम फ्रान्सच्या पोमागाल्स्की कंपनीनं १९८० च्या दशकाच्या अखेरीस हाती घेतलं, मग काश्मीर पेटलं आणि ते रखडलं. पहिला टप्पा १९९८ मध्ये सुरू झाला, अफरवटच्या अंगावर जाणारा दुसरा २००५ मध्ये. अपघात पहिल्या टप्प्यावर झाला, वय १९ वर्षं. रोपवेच्या मानानं म्हातारपण नव्हे. आणि दोर तर झिजून तुटलाच नव्हता. त्याच्यावर आलं ते झाड. म्हणजे इथं वय मोजायला हवं होतं ते दोराच्या दोन्ही बाजूंच्या झाडांचं. रोपवेच्या मार्गात किती रुंदीचा पट्टा मोकळा ठेवायचा, पट्ट्याबाहेरचं पण पट्ट्यात पडू शकेल इतकं उंच झाड कुणाचं, वनखात्याचं की रोपवेवाल्यांचं, वारा किती झाला की केबिन स्थानकात घ्यायच्या, हा सगळा भाग दोराच्याच देखभालीचा आहे. पण तो दोराच्या रजिस्टरात बसत नाही. गुलमर्गचे पाळणे चौकशी आणि दुरुस्तीनंतर पुन्हा सुरू झाले. ते सुरू झाले याबद्दल माझी तक्रार नाही. तिथल्या हॉटेलवाल्यांचं, स्की शिकवणाऱ्या पोरांचं घर त्याच्यावर चालतं.

आणि एकदम उलटं उदाहरण झारखंडचं, त्रिकूट डोंगराचं. देवघरजवळ आहे हा. देवघर म्हणजे वैद्यनाथ ज्योतिर्लिंग. (आपल्याकडचे लोक लगेच म्हणतील, खरं वैद्यनाथ परळीचं. मी त्या वादात पडत नाही, आमच्या घरातच दोन पक्ष आहेत.) १० एप्रिल २०२२, रामनवमी आणि रविवार. वरच्या स्थानकातल्या मोठ्या चाकाचा शाफ्ट तुटला, दोर जागचा सरकला, केबिन एकमेकींवर आदळल्या आणि बाकीच्या उंचावर अडकल्या. हवाई दलाची हेलिकॉप्टरं, लष्कर, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, इंडो-तिबेट पोलीस आणि गावकरी, सगळ्यांनी मिळून चाळीसहून जास्त लोक सोडवले. काम १२ एप्रिलला संपलं. तिघं गेले, त्यातले दोघं वर ओढून घेताना हेलिकॉप्टरखालून पडले. टीव्हीवर ते दिसलं होतं, ज्यांनी पाहिलं त्यांना वेगळं सांगायला नको.

त्रिकूटची यंत्रणा मोत्तारोनेच्या मानानं कितीतरी तरुण. तरी ती तिथंच थांबली, वर्षं लोटली तरी पाळणे परत फिरले नाहीत. तुटला तो दोरही नव्हता, ज्याच्याकडे सगळे बघतात. तुटला शाफ्ट, जो चाकाच्या आत बसलेला असतो. शाफ्टला कापसाचा बोळा लावता येत नाही. तो काढून, धुऊन, ध्वनिलहरींनी नाहीतर चुंबकानं तपासावा लागतो, आणि त्यासाठी रोपवे बंद ठेवावा लागतो.

बंद ठेवावा लागतो, हाच तो शब्द. वर तीन तारखा दिल्या. गुलमर्ग, मोत्तारोने, त्रिकूट. तिन्ही रविवार. यात शकुन-अपशकुन काही नाही. रविवारी गर्दी असते, त्यामुळे अपघाताची झळ जास्त लोकांना बसते. पण रविवारी आणखी एक गोष्ट असते, थांबायची तयारी सगळ्यात कमी असते. तिकीट खिडकीपुढे रांग, लांबून आलेली माणसं, आठवड्याची कमाई. वारा सुटलाय, ब्रेक उगाच लागतोय, बेअरिंग आवाज करतंय, हे सोमवारी ज्या कानांनी ऐकू येतं त्या कानांनी रविवारी ऐकू येत नाही. खाणीत आमचा रविवार देखभालीचा. केज रिकामं, दोर हळू चालतोय, मामा कापूस धरून उभे. मोठा फरक मला इथं दिसतो. आमच्या हुशारीचा त्यात काही भाग नव्हता. आमच्या प्रवाशांना तिकीट नव्हतं आणि रविवारी त्यांना सुट्टी होती, एवढंच.

खाणी म्हणजे सुरक्षिततेचा नमुना असं मी मुळीच म्हणत नाही. कोळसा पट्ट्यातल्या कुठल्याही गावात जाऊन विचारा, प्रत्येक गल्लीत एक तरी नाव निघेल. छत कोसळून, पाणी फुटून, वायूनं. पण माणसं नेणाऱ्या दोराच्या बाबतीत शंभरेक वर्षांपूर्वी कुणीतरी एक गोष्ट नीट केली. दोर चांगला आहे की नाही हा वाद रोज घालायचाच नाही, तारीख आली की उतरवायचा. वाद घालायला बसलं की जिंकतो तो खर्च. मी स्वतः तो वाद कागदावर मांडला होता आणि माझी बाजू पटण्यासारखी होती, म्हणून सांगतो. या नियमात दोर वाया जातात हे खरं. उतरवलेल्या दहांतले किती अजून वर्षभर चालले असते कोण जाणे. पण अकरावा कुठला, ते बाहेरून कळत नाही.

स्की-पाळण्यांच्या जुन्या अपघातांतही हेच येतं. १९७६ चा मार्च महिना त्या दृष्टीनं वाईट गेला. ९ तारखेला इटलीतल्या कावालेझे इथं दोर एकमेकांवर आले, घासले आणि तुटले. चाळीसहून जास्त माणसं गेली. तिथंही आपोआप थांबवणारी यंत्रणा वगळून केबिन चालवली होती. १९७६ आणि २०२१, देश एक, मध्ये पंचेचाळीस वर्षं, आणि थांबवणारं यंत्र थांबवायची युक्ती तीच. त्यानंतर सतरा दिवसांनी, २६ मार्चला, अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या व्हेल या स्कीच्या गावात स्थिर दोराच्या बाहेरच्या तारा उसवल्या, त्यात केबिन अडकल्या आणि दोन खाली गेल्या. चार माणसं मेली. दोर उसवत होता, म्हणजे नोटीस देत होता. तो पाळणा दुरुस्त होऊन पुढेही चालला आणि १९९० च्या दशकात नवा पाळणा आल्यावर निवृत्त झाला.

आपल्या देशात दार्जिलिंगचा रोपवे यातला वडीलधारा. १९६८ चा, चहाच्या मळ्यांवरून खोऱ्यात उतरणारा. ऑक्टोबर २००३ मध्ये त्याच्यावर अपघात होऊन चार पर्यटक गेले आणि तो बंद झाला. पुन्हा सुरू व्हायला फेब्रुवारी २०१२ उजाडला. या सव्वाआठ वर्षांकडे दोन्ही बाजूंनी बघता येतं. एवढा उशीर म्हणजे सरकारी ढिलाई, असं तिथले टॅक्सीवाले म्हणत असतील. मला मात्र वाटतं, आपल्याकडे यंत्राला निवृत्त करायची तारीख कुणी आधी ठरवतच नाही. म्हणून अपघात ती ठरवतो, आणि मग परत कधी उभं करायचं हेही कुणाला ठरवता येत नाही. ज्या वहीत 'कधी थांबवायचं' हे लिहिलेलं नसतं, त्या वहीत 'कधी सुरू करायचं' हेही नसतं.

हे आत्ता लिहायचं कारण आहे. फेब्रुवारी २०२२ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पर्वतमाला नावाची रोपवे उभारण्याची राष्ट्रीय योजना जाहीर झाली. त्रिकूटचा अपघात त्यानंतर दोन महिन्यांनी झाला, योजना पुढे चालू आहे आणि चालावीही. रायगडचा रोपवे १९९६ पासून चालतोय. त्यानं किती म्हाताऱ्या माणसांना महाराजांची समाधी दाखवली असेल! माझी आई त्यातली एक. ती वर जाताना डोळे मिटून जप करत होती आणि मी चिमट्याकडे बघत होतो. दोघांचं देवदर्शन आपापलं. माहूरला गेलो आणि रेणुकेच्या पायऱ्या चढताना दम लागला की आमच्यातलं कुणीतरी म्हणतंच, "इथं काहीतरी पाळणा-बिळणा पाहिजे." मंडळातल्या दोघा-तिघांनी मला सरळ विचारलं की अशा मागणीपत्रावर सही करायची की नाही. मी म्हटलं, करा. फक्त खाली एक ओळ वाढवा. दोर कधी बसवला, जोड कधी कापला, शाफ्ट कधी काढून पाहिला, या तारखा तिकीट खिडकीशेजारी फळ्यावर लिहिलेल्या असाव्यात. हॉटेलात दरपत्रक लावतात तसं. लोक वाचणार नाहीत, मान्य. पण लिहिणाऱ्याला रोज त्या फळ्यासमोरून जावं लागेल.

ज्येष्ठ सदस्यांना हे पटलं की नाही माहीत नाही. "तुम्ही इंजिनिअर लोक इतिहासातही नट-बोल्ट शोधता," असं म्हणून त्यांनी चहा मागवला. ते खोटं नाही. इतिहास मी कुठं शिकलेलो नाही. नोकरी सोडल्यावर जुन्या खाणींचे नकाशे आणि रजिस्टरं बघायची सवय लागली, तिथून हा नाद. रजिस्टरात एक गंमत असते. दोर बसवल्याची नोंद ठसठशीत अक्षरात, तारीख, लांबी, वजन, साहेबांची सही. दोर उतरवल्याची नोंद बहुतेक वेळा एका ओळीची, घाईची. उतरवलेला दोर कुठं गेला हे तर जवळपास कधीच लिहिलेलं नसतं.

कुठं जातो ते आपल्याकडच्या माणसांना मात्र माहीत असतं. दिवाळीनंतर मी आमच्या त्या जुन्या कॉलनीत गेलो होतो. खाण बंद झाली आहे, हेडगियर उतरवलंय, क्वार्टरांत निम्म्याला कुलपं. मामा आता नाहीत. त्यांच्या क्वार्टरच्या पुढच्या कुंपणाला लाकडी खांबांतून ओवलेला वायर रोप अजून आहे, दोन पदरी, आणि मागच्या अंगणात त्याचीच एक लड सोडवून कपडे वाळत घालायची तार केलेली. आत आता दुसरं कुटुंब राहतं. त्यांच्या सुनेनं विचारलं, "काय बघताय काका?" मी म्हटलं, "काही नाही, जुनी ओळख आहे." तिला थोडा कापूस मागितला. तिनं देवघरातून वातीचा कापूस आणून दिला. मी तो मुठीत धरून कुंपणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेलो. सात ठिकाणी अडकला.